इंजिन वाजतंय खरं, पण कधी वाजतंय?

मागच्या अंकात जुन्या फियाट आणि अँबॅसिडरवर लिहिलं आणि तेव्हापासून प्रश्न यायचे थांबेनात. बहुतेकांचा सूर एकच, इंजिन टकटक करतंय, काय असेल? आता खरं सांगायचं तर नुसत्या टकटकवरून मला काही कळत नाही, तुमची टकटक ती शेजारच्याची खडखड असते आणि मिस्त्रीच्या भाषेत तीच 'मारतंय' असते. कोणी कोणी फोनवर रेकॉर्ड करून पाठवतात, तेही फारसं कामाचं नाही, फोनच्या माइकमध्ये बारीक टिकटिक मोठी होते आणि तळातला जड ठोका, जो खरा घाबरायचा, तो गायबच होतो. त्यापेक्षा एवढंच लिहा की आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत येतो की चढाला, आणि काय केलं की तो बदलतो. त्यातही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. या वेळी ज्यांनी हे नीट लिहिलंय त्यांचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : सर, वडिलांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. आयडलिंगला एकसारखी टिकटिक येते, रेस दिली की टिकटिक पण जोरात पळते. पिकअप ठीक, ऑइल जळत नाही. दोन गॅरेजमध्ये दाखवली, एक म्हणतो टॅपेट, दुसरा म्हणतो इंजिन उतरवून बघावं लागेल. काय करू? (नाशिक)

इंजिन उतरवायचं नाव आत्ताच काढू नका. पिकअप आहे, ऑइल जळत नाही, आणि आवाज बारीक आहे, म्हणजे घाई कसलीच नाही.

आधी हे समजून घ्या की पद्मिनी थोडी वाजणारच. 1089 सीसीचं हे इंजिन मुळात फियाटनं 1937 मध्ये 508 सी मॉडेलला बसवलेलं, तेव्हापासून 68 मिमी बोअर (सिलेंडरची रुंदी) आणि 75 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तोच. कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा, ब्लॉकमध्ये खाली, तिथून पुशरॉड वर जाणार, रॉकर हलणार आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबणार. एवढ्या सगळ्या साखळीत गॅप ठेवावाच लागतो आणि तो अधूनमधून हातानं सेट करावा लागतो, यालाच मिस्त्री टॅपेट सेट करणं म्हणतात. आताच्या गाड्यांची सवय झालेल्या पोरांना हा आवाज ऐकूनच धडकी भरते.

आता टॅपेट की खालचं, म्हणजे क्रँक-बेअरिंगचं काम, हे इंजिन न उघडता कसं ओळखायचं. पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, आणि कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या स्पीडनं फिरतो. टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्कसोबत चमकणारा दिवा, कोणाकडे तरी असतोच, तो पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या वायरला लावा, तो क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा चमकतो, म्हणजे कॅमच्याच तालात. आता लाइटकडे बघत आवाज ऐका. एका चमकेला एक टिक पडत असेल तर दोष कॅमच्या बाजूचा, व्हॉल्व्ह-रॉकर किंवा कॅमवर चालणारं काहीतरी. एका चमकेला दोन ठोके पडले तर क्रँकच्या बाजूचा, मग पुढचा प्रश्न वाचा.

पण कॅमच्या बाजूचं म्हणजे टॅपेटच असं नाही हां. या गाडीचा पेट्रोल पंप पण कॅमवरच चालतो आणि त्याचा लिव्हर झिजला की हुबेहूब टॅपेटसारखा टिकटिकतो. लांब डिसमिस घ्या, टोक पंपाच्या बॉडीवर टेकवा, मूठ कानापुढच्या हाडाला लावा (पंख्यापासून लांब, बाही वर, गळ्यात काही लोंबत नको) आणि ऐका. मग तेच टोक रॉकर कव्हरच्या नटावर, मग हेडवर, मग ब्लॉकवर. जिथे आवाज कानात टोचतो तिथून तो निघतोय. अर्धं निदान त्या डिसमिसनं होतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

अजून एक फसवणारा म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट. ते फुटलं की थंड इंजिनात चुफ-चुफ येतं आणि गरम होऊन लोखंड फुगलं की बंद होतं. तुमचा आवाज गरम झाल्यावरही आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीये, तेवढं बघा.

हे सगळं निस्तरून रॉकर कव्हरखालीच आवाज सापडला तर कव्हर काढा, इंजिन आयडलला चालू ठेवा, थोडं ऑइल उडेल, जुना शर्ट घाला, आणि फिलर गेजचं (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे सरकवत जा. ज्याच्यात पातं घातल्यावर टिकटिक दबते तो तुमचा आरोपी.

आणि आता जी गोष्ट गॅरेजमध्ये सहसा कोणी बघत नाही ती. मिस्त्रीनं टॅपेट सेट केलं, गॅप मॅन्युअलप्रमाणे बरोबर आला, तरी दुसऱ्या दिवशी टिकटिक हजर, मग तो म्हणतो इंजिन उतरवू. तेव्हा रॉकरचं टोक उलटं करून उजेडात बघा. व्हॉल्व्हचं टोक वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून तिथे गोल खळगा पडलेला असतो, चकचकीत, बोटाच्या नखाला त्याची कड लागते. फिलर गेजचं पातं रुंद, ते खळग्याच्या दोन्ही कडांवर पुलासारखं आडवं बसतं आणि खळग्याची खोली मोजलीच जात नाही. पात्याला गॅप बरोबर लागतो, व्हॉल्व्हला मात्र तेवढाच नसून खळग्याएवढा जास्त असतो. हे सेटिंगनं जाणारच नाही, रॉकरचं टोक ग्राइंड करून सपाट करायचं किंवा रॉकर बदलायचा. त्याच वेळी रॉकर हातानं वर-खाली हलवून बघा, लोंबत असेल तर शाफ्ट खालच्या अंगानं खाल्लेला आहे आणि बुश गेलेत. हे सगळं इंजिन गाडीत असतानाच होतं. हेड पण उचलावं लागत नाही.

प्रश्न : माझ्याकडे जुनी पेट्रोल अँबॅसिडर आहे, 1489 सीसीचं इंजिन. गरम झाल्यावर साधारण चाळीस-पन्नासच्या स्पीडला ॲक्सिलरेटर सोडला की आतून टक-टक-टक असे ठोके येतात, परत पाय दिला की कमी होतात. आयडलिंगला फारसं काही नाही. ऑइलचा दिवा कधीकधी मिणमिणतो. चालवू का? (कोल्हापूर)

नको. दिवा मिणमिणतो हे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

पाय सोडताना येणारा, गरम इंजिनातला, पटापट पडणारा ठोका आणि सोबत ऑइल प्रेशर कमी, हे बिग एंडचं लक्षण, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला धरतो तिथलं शेल बेअरिंग. थंडीत ऑइल जाड असतं म्हणून ते सांधा भरून काढतं, गरम झालं की पातळ होतं आणि झीज उघडी पडते. पायानं लोड दिला की रॉड एका अंगाला दाबून बसतो, सोडला की मोकळा होऊन दोन्हीकडे आपटतो, म्हणून पाय सोडतानाच वाजतं.

खात्रीसाठी गाडी गरम करा, न्यूट्रलला ठेवून कोणालातरी दीड-दोन हजाराच्या आसपास रेस धरायला सांगा, ठोका सगळ्यात जास्त येईल तिथेच पाय स्थिर. मग एकेका प्लगची वायर इन्शुलेटेड पकडीनं काढा. काढलेली वायर हवेत लोंबकळत ठेवायची नाही, ब्लॉकला टेकवा म्हणजे स्पार्क अर्थ होईल, नाहीतर कॉइलचं इन्शुलेशन जातं, आणि ज्यांनी पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलंय त्यांनी तर हे विशेष सांभाळा. ज्या सिलेंडरची वायर काढल्यावर ठोका एकदम कमी होतो किंवा जातो, त्याच सिलेंडरचं बिग एंड गेलंय. कारण स्फोटच नाही तर रॉडला दणका बसत नाही.

वायर काढून आवाज कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला, टक-टक असा जोडीनं यायला लागला, तर मात्र बहुधा गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन. आणि कुठलीही एक वायर काढून काहीच फरक नाही, ठोका जड आहे, चढाला किंवा लोड घेताना पोटातून धप-धप येतो, तर मेन बेअरिंग, म्हणजे ब्लॉकमध्ये क्रँक ज्यात फिरतो ते. मेनचा ठोका कधीकधी शेजारच्या दोन सिलेंडरच्या वायरी एकदम काढल्यावरच बदलतो, कारण मधलं बेअरिंग दोघांचा भार घेतं.

एक शेवटची शंका फेडून घ्या. क्रँकच्या पुढच्या टोकाला, जिथे पूर्वी हँडल मारायचे, तो मोठा नट ढिला होऊन पुली हलत असेल तर आवाज अगदी बिग एंडसारखा येतो. इंजिन बंद करून पुली हातानं हलवून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि याच्यावरून लोकांची पूर्ण इंजिनं खोलली गेलेली मी बघितली आहेत.

नट घट्ट निघाला तर सम्प (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून त्या सिलेंडरची कॅप खोला. चांगलं शेल राखाडी, मॅट दिसतं. झिजलेल्यात मधे तांब्याचा लालसर पट्टा उघडा पडतो. नुसते नवीन शेल टाकून मोकळं व्हायचा मोह होईल, मिस्त्री पण म्हणेल एमरी मारून देतो, कॅप घासून देतो. यातलं काही करू देऊ नका. क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, मायक्रोमीटरनं दोन्ही बाजूंनी मोजून घ्या, तो अंडाकार झाला असेल तर नवं शेल पण लवकरच तसंच वाजायला लागेल. क्रँक ग्राइंड करून दहा किंवा वीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज शेल, हाच मार्ग. आणि ऑइल पंप बघितल्याशिवाय इंजिन परत जोडू नका, प्रेशर कमी का झालं ते कळलं नाही तर खर्च पाण्यात.

प्रश्न : पावसाळ्यातच माझ्या पद्मिनीच्या बॉनेटमधून बारीक टिक-टिक येते आणि गाडी झटके देते. उन्हाळ्यात काही नाही. (मडगाव)

ही इंजिनाची नाहीच, करंटची टिकटिक आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडा, इंजिन चालू करा आणि हात न लावता नुसतं बघा, प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपवर निळी ठिणगी उडताना दिसेल. वायरीचा सेट, कॅप आणि रोटर बदला. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ असेल तर ती तडा आहे, पुसून जात नाही. गोव्याच्या जून-जुलैत हे नेहमीचंच.

प्रश्न : काका, पुणे-सातारा करताना खंबाटकी घाटात टॉप गिअरवर थोडा दम दिला की इंजिनमधून डब्यात खडे हलवल्यासारखा खळखळ आवाज येतो. गिअर उतरवला की बंद. पद्मिनी आहे, आधी सीएनजी होता, मी किट काढून परत पेट्रोलवर केली. पेट्रोलमध्ये भेसळ असेल का? (सातारा)

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते भेसळीत नाही, सीएनजीत आहे.

हा आवाज नॉकिंगचा. सिलेंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगनं पेटवलेल्या ज्योतीनं शांतपणे जळायच्या ऐवजी उरलेला भाग आपोआप एकदम भडकतो आणि ते धक्के पिस्टनवर आणि हेडवर आदळतात, वाजतं ते तेच. चढाला, जास्त गिअरमध्ये, कमी स्पीडला पाय दाबला की होणारच.

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो म्हणून किट बसवताना मिस्त्री स्पार्कचं टायमिंग पुढे घेतात, ॲडव्हान्स करतात. किट काढताना डिस्ट्रिब्युटर परत मागे फिरवायचं राहून गेलं असणार, आणि तुमच्या बाबतीत मी यावर पैज लावायला तयार आहे. टायमिंग लाइट लावून पुलीवरच्या खुणेशी मॅन्युअलचा आकडा जुळवा. मग त्याच लाइटनं रेस देऊन बघा, खूण सावकाश सरकत गेली पाहिजे. एकदम उडी मारून गेली तर डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंग गेल्या, अजिबात सरकली नाही तर वजनं गंजून अडकली.

टायमिंग बरोबर करूनही घाटात वाजत असेल तर हेडमध्ये कार्बन साचला आहे का आणि रेडिएटर नीट थंड करतो का ते बघा, तापलेलं इंजिन लवकर नॉक करतं. पेट्रोलचं म्हणाल तर भेसळ असू शकते, रॉकेल मिसळलं की ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखायची ताकद, पडतो आणि नॉकिंग येतं हे खरं, पण आता पंपावर मिळणाऱ्या ई-20 चा (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा) ऑक्टेन 95 च्या घरात आहे, जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तो भरपूर झाला. ई-20 चा त्रास वेगळा, इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना आणि पेट्रोल पंपाच्या डायफ्रॅमला खातं, शिवाय कार्बोरेटरचे जेट जुन्या पेट्रोलचे असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं. पाइप बदलून घ्या, बॉनेटमध्ये पेट्रोल ठिबकणं हा आवाजापेक्षा मोठा धोका.

तोवर घाटात टॉपला हट्ट करू नका. तिसऱ्यावर या.

प्रश्न : गणपतीला गाडी घेऊन कोकणात जायचंय. पद्मिनी सकाळी थंड असताना पोकळ खट-खट करते, पाचेक मिनिटांत गप्प होते, मग दिवसभर काही नाही. न्यावी का? (दादर)

न्या. ही पिस्टन स्लॅप, पिस्टन आणि बोअरमध्ये झिजून जागा झालीये, थंडीत पिस्टन सिलेंडरला आपटतो, गरम झाला की फुगतो आणि गप्प. अशा गाड्या वर्षानुवर्षं चालतात. थंड असताना रेस देऊ नका, ऑइल 20 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 50 च घाला, नवीन गाडीचं 5 डब्ल्यू 30 कोणी फुकट दिलं तरी नको, आणि वाटेत डिपस्टिक बघत जा कारण बोअर झिजलंय म्हणजे थोडं ऑइल जळणारच. बोअर-पिस्टनचं काम दिवाळीनंतर निवांत काढा.

प्रश्न : माझी अँबॅसिडर आधी छान टिकटिकायची, हल्ली एकदम सायलेंट झालीये. मी खूश होतो पण आता सकाळी स्टार्टिंगला त्रास देते आणि आयडलला थरथरते. आवाज नाही, तर मग प्रॉब्लेम कुठे? (सोलापूर)

आवाज नाही हाच प्रॉब्लेम. या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या गाडीची वाटली.

टॅपेट वाजतंय म्हणजे गॅप आहे, आणि गॅप आहे म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतोय. गॅप संपला की आवाज संपतो, पण मग व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकतच नाही, किंचित उघडा राहतो, त्या फटीतून जळता गॅस सुटतो आणि व्हॉल्व्हची कड जळायला लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो, टेकलाच नाही तर लाल होणार नाही तर काय.

गॅप आपोआप कमी का झाला? तुमच्या इंजिनाचं हेड कास्ट आयर्नचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) डिझाइन, व्हॉल्व्हच्या सीटा वेगळ्या बसवलेल्या नाहीत, हेडच्या लोखंडातच कापलेल्या. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याचा पातळ थर सीटवर बसून वंगणासारखं काम करायचा. भारतात 2000 मध्ये शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं, प्रदूषणाच्या दृष्टीनं उत्तमच झालं, पण या हेडचा आधार गेला. सावकाश चालणाऱ्या गाडीला फारसा फरक पडत नाही, हायवेला तासन् तास दामटवली की व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, त्याचं दुसरं टोक वर येतं आणि रॉकरचा गॅप खाऊन टाकतं. (पद्मिनीवाल्यांनी एवढं घाबरू नये, तुमचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि त्यात सीटा वेगळ्या बसवलेल्या असतात.)

लगेच गॅप तपासा. या इंजिनाला 0.015 इंच, म्हणजे साधारण 0.38 मिमी. आठ व्हॉल्व्ह पुढून 1 ते 8 मोजा आणि नऊचा हिशोब लावा, एक नंबर पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा आठ नंबर सेट करायचा, तीन दाबला असेल तेव्हा सहा, बेरीज नेहमी नऊ. गॅप सेट करून स्टार्टिंग सुधारलं तर वाचलात. नाही सुधारलं तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, एका सिलेंडरचं कमी आलं तर त्यात थोडं ऑइल टाकून परत मोजा. ऑइल टाकून वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह जळालाय. मग हेड उतरणारच. हेड उतरलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या, चांगल्या मशीन शॉपमध्ये करतात, परत हा विषय निघणार नाही.

प्रश्न : आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड मी परत चालू केली. क्लच दाबला की इंजिनाच्या आवाजात फरक पडतो, किंचित घरघर, आणि इंजिन थोडं दबल्यासारखं होतं. गॅरेजवाले दादा म्हणतात रिलीज बेअरिंग बदलू. गिअरबॉक्स काढावा लागेल म्हणून थांबले आहे. (पुणे)

ताई, थांबलात ते चांगलं केलंत. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारं बेअरिंग, असू शकतं, क्लच दाबल्यावर येणाऱ्या घरघरीचं ते पहिलं कारण, दादा चुकीचं सांगत नाहीयेत. पण 'इंजिन दबतं' हे तुम्ही लिहिलंय त्यामुळे हेराल्डमध्ये आधी दुसरीच गोष्ट बघायची.

मद्रासला बनलेल्या या गाडीचं 948 सीसीचं इंजिन मूळ ट्रायम्फ हेराल्डचंच. क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून त्यात मागच्या मेन बेअरिंगपाशी अर्धचंद्राच्या आकाराचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे जोर झेलणाऱ्या चकत्या, असतात. क्लच दाबला की सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि तो जोर या वॉशरांवर येतो. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते लवकर झिजतात, आणि खूप झिजले की खाली सम्पमध्ये पडतात. मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो, आणि ब्लॉक गेला म्हणजे हेराल्डचा ब्लॉक शोधत जुन्या बाजारात फिरायचं, मिळेल याची खात्री नाही.

तपासणी सोपी. इंजिन बंद, हँडब्रेक वर, कोणालातरी क्लच दाबायला-सोडायला सांगा आणि तुम्ही पुढून क्रँकच्या पुलीकडे बघा. पुली पुढे-मागे सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसली तर गाडी चालू करू नका. नीट मोजायचं तर डायल गेज लावा, थाउमध्ये चार-सहाच्या आसपास खेळ असला तर ठीक. वॉशर बदलायला सम्प उतरवून मागच्या मेनची कॅप काढावी लागते, पण क्रँक जागेवरच राहतो आणि गिअरबॉक्सला हात लागत नाही. थोडे जाड ओव्हरसाइज वॉशर पण मिळतात. बसवताना खाचा असलेली बाजू क्रँककडे, हे दादांना जवळ उभं राहून सांगा, उलटे बसवलेले मी पाहिलेत.

पुली जागची हलली नाही तर मग रिलीज बेअरिंग, आणि गिअरबॉक्स काढायचाच.

प्रश्न : जुनी पद्मिनी विकत घ्यायची आहे, कल्याणला एक बघितली. इंजिन एकदम स्मूथ, काही आवाज नाही. मालक म्हणतात एकदम ओके आहे. आवाजावरून आणखी काय तपासू? (ठाणे)

तुम्ही पोचलात तेव्हा बॉनेट गरम होतं का, ते आठवा. वाजणारी गाडी विकताना पहिली युक्ती हीच, गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवायची, पिस्टन स्लॅप गायब. दुसरी युक्ती जाड ऑइल किंवा बाजारात मिळणारं मधासारखं ॲडिटिव्ह ओतायचं, त्यानं बिग एंडचा ठोका पण काही दिवस दबतो. मला या बाटल्यांचा मनापासून राग आहे, त्या दुखणं बरं करत नाहीत, फक्त तुमच्या दारात येईपर्यंत झाकतात. डिपस्टिक काढा, ऑइल बोटांवर घ्या, बोटं लांब केली की तार सुटत असेल तर समजा. आणि बघा ऑइल अगदी नवंकोरं सोनेरी आहे का, विकायच्या आदल्या दिवशी ऑइल कोण उगाच बदलतं?

मग गाडी स्वतः चालवा, किमान वीस मिनिटं, तापू द्या, दुसऱ्या गिअरवर रेस देऊन एकदम पाय सोडा आणि काच खाली करून भिंतीच्या जवळून जा, आवाज भिंतीवरून परत येतो आणि आत बसून जे ऐकू येत नाही ते ऐकू येतं. परत आल्यावर आयडलला ऑइलचा दिवा बघा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो दिवा पेटतो ना हे पण बघा, बल्बच काढून ठेवलेली गाडी मिणमिणणार कशी.

पुढच्या साखळीचा, म्हणजे टायमिंग चेनचा आवाज आयडलला पुढच्या कव्हरमधून सळसळ येतो आणि पाय सोडला की वाढतो. तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, किमतीत धरा. टॅपेटची टिकटिक असेल तर त्यावरून घासाघीस पण करू नका, ती असलेली बरी, का ते वर सोलापूरच्या उत्तरात आहे.

मालकांना फोन करून सांगा की उद्या सकाळी सातला येतो, आणि मी येईपर्यंत गाडीला किल्ली लावू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा घेऊन, दुसरी गाडी बघायला निघायचं.